मोहर जपणे

सर्व्हेअरच्या पलंगावर त्याचे सासरे झोपायला लागले, त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते पंधरा दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आले. पंधरा दिवसांत गुडघा बरा झाला, पण तोवर पलंग मानवला होता. घरात एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि एकच बेडरूम. तेव्हा सर्व्हेअर आणि त्याची बायको हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर आले ते तिथंच राहिले. या वस्तूतला सोफा बरा होता, बेडही वाईट नव्हता. दोन्हींच्या मधून जाणारी लोखंडी दांडी मात्र नेमकी सर्व्हेअरच्या कमरेखाली यायची. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. म्हणणाऱ्यानं सासरा मुक्कामाला आलेला पाहिला नसावा.

सर्व्हेअर एका विमा कंपनीसाठी मालाच्या नुकसानीची पाहणी करायचा. गोदामात पाणी शिरलं, बोटीतली पोती भिजली, कापडाच्या गठ्ठ्यांना ओल धरली, की हा गमबूट घालून तिथं हजर. वास घ्यायचा, बोट लावून बघायचं, आणि नुकसान कशानं झालं नि किती झालं ते तीन प्रतींत लिहायचं. बावीस वर्षं बुरशी बघून बघून त्याचा चेहराही ओल लागल्यासारखा झाला होता. संध्याकाळी घरी येताना त्याच्या मनात एकच इच्छा असायची, आडवं व्हायची. आणि ज्यावर आडवं व्हायचं त्या सोफ्यावर सासरे साडेनऊपर्यंत बातम्या बघत बसलेले असायचे.

अशात एक आशा उगवली. सासऱ्यांना एक थोरला भाऊ होता. पूर्वी दोघांनी मिळून बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप चालवलं होतं, आणि गेली एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण सिगार पेटवण्यावरून झालं. थोरल्यांनी खिशातून पेट्रोलचा लायटर काढला. धाकटे म्हणाले, पेट्रोलनं वास बिघडतो, काडीनं पेटव. तिथून गाडी वडिलांच्या आजारपणावर गेली, तिथून कोण जास्त राबलं यावर, आणि सिगार संपायच्या आत बोलचाल बंद झाली ती कायमची.

गेले तीन महिने सर्व्हेअरची बायको या दोघांच्या मधे टेलिफोन एक्स्चेंज होऊन बसली होती. शेवटी थोरल्यांनी कबूल केलं की येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता येतो. ते विधुर होते, चार खोल्यांच्या घरात एकटे राहायचे. जमलं तर धाकट्याला इकडंच घेऊन येईन म्हणतो, असं ते पुतणीला म्हणाले. बायकोनं हे वाक्य सर्व्हेअरला सांगितलं तेव्हा त्यानं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. रिकामा पलंग त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याचे डोळे आपोआप मिटायला लागले.

पण जमायचं कशावर, तर सिगारवर. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका परदेशी बोटीचं बंद पडलेलं इंजिन दोघा भावांनी एका दिवसात चालू करून दिलं होतं आणि त्या बोटीच्या कप्तानानं खूश होऊन त्यांना सिगारची पेटी दिली होती. त्यातले आठ सासऱ्यांकडे उरले होते. ते एका जाड झाकणाच्या पेटीत असायचे, आत ओल राखायला भिजवलेला स्पंज. घरात तिला ‘ओली पेटी’ म्हणत. सासऱ्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं की तो आला की आधी दोघं एकेक सिगार ओढू, आणि मग बोलू. त्याआधी एक शब्द नाही.

अठ्ठावीस वर्षांचा सिगार म्हणजे खिशातून काढला नि पेटवला असं नसतं, हे सर्व्हेअरला या निमित्तानं समजलं. वरचं पान कांद्याच्या पापुद्र्याइतकं नाजूक झालेलं असतं. ओल्या पेटीतून काढून तसाच पेटवला तर तो वाकडा जळतो, कडू लागतो. म्हणून आठ दिवस आधी त्याला बाहेर काढून साध्या लाकडी पेटीत ठेवायचं, आणि अंगातली जास्तीची ओल आपली आपण जाऊ द्यायची. सासरे याला ‘विसावा’ म्हणायचे.

“म्हातारं माणूस आहे ते, जावईबापू,” ते म्हणाले. “झोपेतून उठवून लगेच पळायला लावायचं नसतं. सुकवायचं नाही. सुकू द्यायचं.”

इतक्या समजुतीनं आपल्याबद्दल कुणी कधी बोललं होतं का, ते सर्व्हेअरनं आठवून पाहिलं. आठवलं नाही.

नेमके त्याच आठ दिवसांत सासऱ्यांना गुडघा दाखवायला दुसऱ्या लेकीच्या गावी जायचं होतं. सिगार बरोबर नेले तर प्रवासात धक्के बसणार. तेव्हा शनिवारी सकाळी त्यांनी आठही सिगार आपल्या हातानं लाकडी पेटीत ओळीनं निजवले, पेटी बेडरूममधल्या टेबलावर ठेवली आणि वर्कशॉपच्या सवयीनं एका कागदावर सूचना लिहून ठेवल्या. रोज एकदा पाव वळसा फिरवणे. दाबू नये. ऊन, वारा, फोडणी यांपासून दूर ठेवणे. खोलीत पंखा लावू नये. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: ‘मोहर जपणे. हाच यांच्या वयाचा दाखला.’

मोहर हा शब्द वाचून सर्व्हेअरला बरं वाटलं. एवढ्या अनोळखी कागदात तेवढाच एक शब्द त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या धंद्यात मोहरेला फार मान. पेटाऱ्यावरची मोहर शाबूत तर माल शाबूत. मोहर फुटली की दाव्याची खैर नाही. प्रत्येक सिगारच्या कमरेला कागदाची एक कडी होती आणि तिच्यावर सोनेरी शाईत मुकुटाचा शिक्का. सोनं पिकून पिवळट झालं होतं, कडा झिजल्या होत्या. वयाचा दाखला म्हणजे हाच, यात शंका नव्हती. सासऱ्यांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तसा तो ऑफिसच्या बॅगेतली पारदर्शक टेप घेऊन बसला आणि आठही कड्यांवर मोहर झाकेल अशी एकेक पट्टी बेतानं चिकटवली. काम सुबक झालं. मग तो बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या पलंगावर झोपला.

झोपला म्हणजे, पडला. पंखा बंद, खिडकी बंद, आणि उशापाशी आठ सिगार विसावा घेत असलेले. गावची हवा मुळात दमट. दोन वर्षं चार महिने ज्या पलंगाची वाट पाहिली त्यावर तो घामानं निथळत तीन दिवस काढत राहिला. बायको पहिल्याच दिवशी उशी घेऊन हॉलमधल्या पंख्याखाली परत गेली. तोही गेला असता, पण पलंग सोडायचा म्हणजे हक्क सोडल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी सिगार पाव वळसा फिरवताना खिडकीतून तिरपा उजेड पडला आणि त्याला ते दिसलं. सगळ्या सिगारच्या अंगावर एक पांढरट, बारीक पिठी. त्यानं बोट लावलं. बोटाला आली. वास घेतला. मग तो खुर्चीवर बसला आणि बावीस वर्षांत प्रथमच त्याला आपल्या धंद्याचा घरात काही उपयोग आहे असं वाटलं.

“बुरशी,” त्यानं बायकोला सांगितलं. “वेळेत सापडली.”

“अहो, बाबांना विचारा ना फोन करून.”

“बुरशीचं मला कुणाला विचारायची गरज नाही.”

गोदामांना तो जो सल्ला द्यायचा तोच त्यानं स्वतःला दिला. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, मऊ फडकं. प्रत्येक सिगार त्यानं तळहातावर घेऊन वरपासून खालपर्यंत निगुतीनं पुसला. फक्त मोहरेवरच्या टेपला फडकं लागू दिलं नाही. पुसून झाल्यावर सिगार काळेभोर, स्वच्छ आणि तुकतुकीत दिसायला लागले. मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे बसवावेत असे.

दुपारी सासऱ्यांचा फोन आला. त्यांना फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे ते विचारायचे, थोडा वेळ थांबायचे आणि उत्तर मिळालं असं धरून चालायचे.

“मोहर ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं.

“एकदम शाबूत. मी पट्टी लावलीय.”

“झाला असेल अजून दाट. छान. पुसूबिसू नका हं.” आणि फोन बंद.

सर्व्हेअर फोनकडे बघत राहिला. मोहर दाट कशी होईल? शाई आहे ती. पण सासऱ्यांची निम्मी वाक्यं अशीच कुठून तरी कुठं जायची, आणि त्या सगळ्यांचा माग काढायचा तर नोकरी सोडावी लागली असती. पुसूबिसू नका म्हणाले. मोहर त्यानं पुसलेली नव्हतीच. तो समाधानानं गोदामाच्या पाहणीला गेला.

बुधवारी सिगार फुगले होते. जुन्या पानानं पाणी असं प्यायलं होतं की आठही जण जेवून उठल्यासारखे दिसत होते, आणि खोलीत व्हिनेगरचा वास भरला होता. सुकू द्यायचं, सुकवायचं नाही, हे त्याला आठवत होतं. पण ते ठणठणीत सिगारसाठी. हे आजारी. त्यानं बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि हलक्या झोतावर दोनच मिनिटं फिरवला. पहिल्याच सिगारचं वरचं पान टिचलं. चिरेवाटे आतली पानं दिसायला लागली. त्यानं झोत आणखी हलका केला, तेव्हा दुसरा टिचला. तिसऱ्याला त्यानं ड्रायर दाखवला नाही, नुसता हातात घेतला, तर पान सोलून त्याच्या अंगठ्याला चिकटून आलं.

“अहो, तुम्ही हातच लावला नसता तर?” बायकोनं दारात उभं राहून विचारलं.

“तर बुरशी वाढली असती.”

“वाढू द्यायची होती.”

गुरुवारी त्यानं ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. डिंक अगदी पातळ कालवून त्यानं चिरा बुजवल्या. डिंक वाळताना पान ओढलं गेलं आणि प्रत्येक चिरेशेजारी नवी चीर पडली. संध्याकाळपर्यंत दोन सिगार पूर्ण उघडे पडले होते, तीन चिरफाळले होते, आणि उरलेले तीन लांबून, मावळत्या उजेडात आणि चष्मा न लावता पाहिले तर सिगार वाटत होते. हा सगळा वेळ आठही मोहरा टेपखाली झळकत होत्या. तेवढाच त्याला आधार होता.

शुक्रवारी तो त्या तिघांतला एक रुमालात गुंडाळून बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या तंबाखूच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा होता आणि कुठल्याच गिऱ्हाइकाला घाई असू शकते यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यानं रुमाल उलगडला, सिगार हातात न घेता भिंगातून न्याहाळला आणि मग वास घेतला.

“याला काय झालं होतं?”

“बुरशी.”

दुकानदारानं टेपची कड नखानं जराशी उचलली, कागदाची कडी केसभर वर सरकवली. तिच्याखाली पानावर पांढऱ्या पिठीची एक बारीक रेघ शिल्लक होती.

“ही?”

“हीच. सगळ्या अंगावर होती. मी पुसून काढली.”

दुकानदारानं भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि घरी कुणी गेलं असेल तर विचारावं तसं हळू विचारलं, “सगळ्यांची?”

“आठही.”

“साहेब, बुरशी लोकरीसारखी असते. हिरवट असते, डाग पाडते. हे वेगळं. वर्षानुवर्षं नीट ठेवलं की पानातलं तेल हळूहळू वर येतं आणि असं पिठीसारखं बसतं. विकत मिळत नाही. माल पिकला, एवढंच ते सांगतं. आम्ही याला मोहर म्हणतो.”

“काय म्हणता?”

“मोहर. आंब्याला येतो तसा.”

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल होतं. सर्व्हेअर त्यावर बसला. मोहर जपणे. हाच यांच्या वयाचा दाखला. झाला असेल अजून दाट. पुसूबिसू नका हं. सासऱ्यांची सगळी वाक्यं एकदम सरळ झाली होती आणि त्यातलं प्रत्येक त्याच्याकडे बघत होतं. दुकानदारानं न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

शेवटी त्यानं आठ नवे सिगार मागितले, दिसायला असेच. दुकानदारानं शक्य तितके बारीक, काळसर शोधून दिले. यांचं वय काय, असं सर्व्हेअरनं विचारल्यावर तो म्हणाला, फार तर सहा महिने. सर्व्हेअरनं घरी येऊन जुन्या सिगारच्या कड्या नव्यांना चढवायच्या ठरवल्या. तोंडावरून नाही तर निदान शिक्क्यावरून ओळख पटली असती. कड्या निघण्यासाठी टेप काढणं भाग होतं. त्यानं पहिली टेप सोडवली, आणि तिच्याबरोबर सोनेरी मुकुट उचलून आला. दुसरीबरोबर दुसरा. आठही मोहरा टेपला चिकटून आल्या आणि खाली कोरा पिवळा कागद राहिला. जो मोहर जपायचा होता तो पुसून झाला होता, जी जपायची नव्हती तीही जपता जपता गेली होती. त्यानं नवे सिगार कपाटात ठेवले आणि जुने, होते तसे, सुटलेल्या टेपच्या पट्ट्यांसकट, लाकडी पेटीत ओळीनं निजवले.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकत होती. मग तिनं रविवारी काय सांगणार एवढंच विचारलं. उंदरांनी कुरतडले, असं त्याला सुचलं; पण उंदीर व्हिनेगर वापरत नाहीत. उकाड्यानं झालं म्हणावं, तर उकाडा ड्रायरनं येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या कारणांतली भोकं दाखवल्यामुळे त्याला स्वतःसाठी एकही कारण धड बनवता येईना. त्याला कळत होतं की रविवारी पेटी उघडली की सासरे भावाकडे न बघता उठतील, बेडरूममध्ये जातील, दार लावतील, आणि ते दार आता कायमचं त्यांचं होईल.

रविवारी सकाळी सासरे परतले. पेटी उघडायची नाही, दादासमोरच उघडायची, असं त्यांनीच जाहीर केल्यामुळे चार वाजेपर्यंत सर्व्हेअरला जीवदान मिळालं. बरोबर चारला बेल वाजली. थोरले दारात उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी बॅग. ते आत आले आणि सोफ्याच्या एका टोकाला बसले. धाकटे दुसऱ्या टोकाला बसलेले होतेच. मधे दोन माणसांची जागा. दोघांची नजर समोरच्या भिंतीवर.

“त्याला विचार, गुडघा कसा आहे,” थोरले पुतणीला म्हणाले.

“त्याला सांग, बरा आहे,” धाकटे लेकीला म्हणाले.

बायकोनं विचारलं आणि सांगितलं. मग सासऱ्यांनी पेटी मांडीवर घेतली, खिशातून काड्यापेटी काढून टीपॉयवर ठेवली आणि झाकण उघडलं.

सर्व्हेअरनं रात्रभर एक गोष्ट जुळवली होती, तिच्यात गळकं छप्पर होतं. पण खोटं बोलायला माणसाची झोप पुरी झालेली असावी लागते. तो उभा राहिला आणि त्याच्या तोंडून जे आलं ते पाहणीच्या अहवालासारखं आलं.

“माल आठ नग. नुकसान शंभर टक्के. कारण, सर्व्हेअर.”

मग त्यानं बाकीचं सांगितलं, तारीखवार, काही न वगळता. टेप, फडकं, व्हिनेगर, ड्रायर, डिंक. सांगता सांगता त्याला इतकं हलकं वाटत गेलं की शेवटी कपाटातले सहा महिन्यांचे सिगारही त्यानं आणून दाखवले.

थोरल्यांनी वाकून पेटीतला एक सिगार उचलला, नाकाजवळ नेला आणि लांब धरला.

“व्हिनेगर?” ते म्हणाले. पुतणीला नाही. भावाला.

“व्हिनेगर,” धाकटे म्हणाले.

एकोणीस वर्षांनंतर दोघा सख्ख्या भावांमध्ये झालेलं हे पहिलं संभाषण.

“आणि ही टेप कशाला?”

“मोहर जपणे, असं मी लिहून ठेवलं होतं, दादा.”

थोरले टेपकडे बघत राहिले. तिच्यावर उलटा चिकटलेला मुकुट त्यांना दिसला. त्यांचे खांदे हलायला लागले. “अरे, यानं शिक्का जपला,” ते कसेबसे म्हणाले. “मोहर पुसून शिक्का जपला यानं.” धाकट्यांना हे उमजायला एक क्षण लागला, आणि मग ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि थोरल्यांना दोन माणसांची जागा ओलांडून त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

पुढचा अर्धा तास सर्व्हेअरच्या अकलेवर गेला. एकोणीस वर्षांत दोघांना बोलायला एवढा हवाहवासा विषय मिळाला नव्हता. असा माणूस तू पोरीला बघितलास कसा, असं थोरल्यांनी विचारलं. मी कुठं बघितला, तिनंच बघितला, असं धाकट्यांनी हात झटकून सांगितलं. वडील असते तर काय म्हणाले असते यावर दोघांचं एकमत झालं, जे वडिलांच्या बाबतीत आजवर कधी झालेलं नव्हतं. सर्व्हेअर खुर्चीवर बसून हे ऐकत होता. त्याला अपमान वाटत होता आणि पलंग जवळ येत असल्यासारखंही वाटत होतं.

एक ओढून तर बघू, असं ठरलं. धाकट्यांनी टोक बेतानं कापलं आणि सिगार थोरल्यांच्या हाती दिला. थोरल्यांनी टीपॉयवरची काड्यापेटी घेतली, काडी ओढली, ती पुरती पेटू दिली आणि मग सिगारच्या तोंडाशी लांबूनच फिरवत राहिले. काडीनंच. धाकटे ते बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकेक झुरका दोघांनी घेतला. व्हिनेगरमध्ये बुडवलेला कोबी जाळल्यासारखा वास हॉलभर पसरला, आणि बायकोला सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

“निघायचं मग, बाबा?” सर्व्हेअरनं जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. “म्हणजे, काकांना उशीर नको. सामान मी भरून देतो.”

थोरल्यांनी कापडी बॅग पुढे ओढली आणि तिच्यातून एक पत्र्याचा डबा काढून मधे ठेवला. भांडणानंतर पेटीची वाटणी झाली होती, आठ आणि आठ, हे सर्व्हेअरला आज कळलं. धाकट्यांनी झाकण उघडलं. आत आठ सिगार होते. आठच्या आठ.

“तू ओढले नाहीस?” धाकट्यांनी विचारलं. “मला वाटलं, वर्षाच्या आत फुंकून टाकले असशील. तुला कधी धीर होता?”

“एकट्यानं कसे ओढायचे?” थोरले म्हणाले.

बायको पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. धूर जावा म्हणून सर्व्हेअरनं आधीच उघडी असलेली खिडकी पुन्हा उघडली.

मग धाकट्यांनी एक सिगार उचलला, कानाशी नेला आणि दोन बोटांत अगदी हळू फिरवला. बारीक करकर झाली. वाळलेल्या पाचोळ्याची. त्यांचा चेहरा वर्कशॉपमधला झाला.

“दादा, हे हाड झालेत.”

“माहीत आहे. आमच्याकडची हवा फार कोरडी. डब्याला ओल कोण देणार? मला कुठं ते जमतं.”

“मरत नाहीत. पण घाई केली तर फुटतील. थोडी थोडी ओल द्यायची, आठवड्याला एवढीशी. सहा महिने तरी.”

“तुझ्या त्या ओल्या पेटीत?”

“त्याच पेटीत. पण तुझ्याकडं नाही, तिथं पेटी नेली तरी उघडझाक करताना कोरडं वारं लागणार. इथली हवा यांना बरोबर आहे.” धाकट्यांनी खोलीभर नजर फिरवली. “आणि माझ्या एकट्याचं काम नाही. माझा हात कापतो हल्ली. फिरवायला तू लागशील.”

दोघांनी सर्व्हेअरकडे पाहिलं. त्याला विचारत होते असं नाही. हा माणूस पेटीच्या जवळपास नसावा, एवढंच दोघांच्या मनात आलं होतं.

सर्व्हेअरनं अंदाज केला, तो त्याचा धंदाच होता. सहा महिने. त्यानंतर दोघं चार खोल्यांच्या घरी. सहा महिने काढता येतील. माणूस याहून वाईट गोष्टी काढतो.

“म्हणजे सहा महिन्यांनी सगळे ओढून झाले, की...” त्यानं वाक्य मोकळं सोडलं.

“सगळे?” सासरे म्हणाले. “असे कुणी भसाभस ओढत नाही, जावईबापू. वर्षाला एक. दोघांत मिळून.”

“आठ आहेत,” थोरले म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे शेवटच्याला मी सत्त्याऐंशीचा असेन.”

“असशील की,” धाकटे म्हणाले. “तेव्हा तो सगळ्यात चांगला लागेल बघ.”

थोरल्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि हात तिथंच राहू दिला, आणि धाकट्यांनी आपला हात त्याच्या शेजारी ठेवला. सर्व्हेअरला राग यायला हवा होता. आठ वर्षं. त्यानं राग शोधून पाहिला, पण समोर दोन म्हातारे पुढच्या आठ वर्षांचं ठरवत बसले होते, आणि त्याच्या अहवालाच्या कुठल्याच रकान्यात ते नुकसान म्हणून बसेना. बायको आतून येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी होती. स्वयंपाकघरात फ्रिज थोडा सरकवला तर एक गादी मावेल, असं ती त्याच्या कानाशी म्हणाली.

तो उठला. दोघांना जरा उभं राहायला सांगून त्यानं सोफा पुढे ओढला, पाठ खाली पाडली, दांडीवर घडी करून एक रजई टाकली आणि वर धुतलेली चादर घातली.

“काका,” त्यानं विचारलं, “उशी एक लागते की दोन?”